कोरड्या डोळ्यांची पाठवणी

आमच्या जानेफळात पाठवणी निघाली की पहिला हुंदका कोकिळाकाकूंचा. नवरी कुणाची का असेना. त्यांनी सुरुवात केली की बाकीच्यांना धीर यायचा आणि सगळा मांडव रडायचा. जी बाई रडत नाही, तिला आमच्याकडे सरळ दगड म्हणतात. असं नाव ठेवण्यात काकूही कधी मागे नव्हत्या.

दोनेक वर्षांपूर्वी काकूंचं तोंड कोरडं पडू लागलं. भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरेना, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं. हातात कायम पाण्याची बाटली. ती पाहून गल्लीनं निदान केलं, शुगर. आमच्याकडे डॉक्टर कमी, निदानं फार. जो तो कारल्याचा रस आणून देई आणि काकूंच्या पुढची पुरणपोळी उचलून नेई. गोडाची वेडी ती बाई, नाक दाबून तो रस प्यायची. मला लोकांचा फार राग यायचा.

शेवटी त्यांची लेक सुचिता त्यांना मेहकरला आणि तिथून बुलढाण्याला घेऊन गेली. डॉक्टरांनी पापणीत कागदाची पट्टी अडकवली, ती ओली होईना. रक्त तपासलं. शुगर नव्हतीच. रोगाशी लढणारी अंगातली शक्ती वाट चुकून अश्रू आणि लाळ तयार करणाऱ्या ग्रंथींवरच उलटली होती. "हा आजार पूर्ण जात नाही, पण सांभाळता येतो," असं सांगून त्यांनी डोळ्यांत टाकायचे थेंब दिले.

घरी आल्या आल्या काकूंनी दुधात कुस्करून दोन पुरणपोळ्या खाल्ल्या. पण पुढं सुचिताचं लग्न ठरलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पोरीच्या पाठवणीले डोयात पाणी नाही आलं, तं लोकं मले काय म्हनतीन?" त्या मला म्हणाल्या. लोक काय म्हणतील ते आम्हा दोघींना पक्कं ठाऊक होतं.

पाठवणीच्या वेळी काकू आत गेल्या आणि थेंबांची अर्धी बाटली डोळ्यांत ओतून आल्या. गालांवरून ओघळ आले. बायांनी समाधानानं पदर डोळ्यांना लावले. सुचितानं आईला मिठी मारली. मी शेजारीच उभी होते, म्हणून तिचं बोलणं ऐकू आलं.

"माय, औषध काऊन वाया घातलं? तुहे हात कसे थरथरून राह्यले. तू रडून राह्यली, मले समजते ना."

काकूंनी पदरानं डोळे आणि दोन्ही गाल पुसून काढले. मग सगळ्या बायांच्या देखत, तशाच कोरड्या डोळ्यांनी, लेकीचा हात धरून तिला गाडीत बसवलं.