पट्टी बांधलेला अंगठा

टेबलपंखे बनवणाऱ्या त्या कारखान्यात मावशी बावीस वर्षं जोडणीच्या रांगेत होत्या आणि बावीस वर्षं एकाच भोकाशी भांडत होत्या. भोक पंख्याच्या पाठीला. त्यातून अंगठा घालून आतली वायरची क्लिप दाबायची. भोक करंगळीच्या मापाचं आणि काम अंगठ्याचं, त्यामुळे रोज साल निघायची. मावशींची तक्रार जिना चढून वर जायची आणि 'बघू' होऊन खाली यायची. वर नक्षेवाला आराखडा काढणार, मग साचेवाला पोलादात साचा कोरणार, मग खोकेवाला खोकं ठरवणार आणि सगळं उरकल्यावर पंखा मावशींच्या हातात पडणार. तेव्हा तोंड उघडून काय उपयोग? तरी त्या उघडायच्याच. म्हणून त्यांचं नाव कटकटमावशी पडलं होतं.

मग नव्या मॅनेजरबाई आल्या. त्यांनी वरचं मोठं टेबल खाली आणवलं, जोडणीच्या रांगेला खेटून मांडलं आणि सांगून टाकलं, "नवा पंखा सगळ्यांनी मिळून, एकाच वेळी करायचा. पहिल्या रेघेपासून नक्षेवाला, साचेवाला, खोकेवाला इथे बसतील. आणि जोडणीकडून मावशी."

मावशींच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांच्यासाठी चाकांची निळी खुर्ची आली. त्या ऐटीत बसल्या आणि खुर्ची त्यांना घेऊन थेट साचेवाल्याच्या मांडीवर धडकली. सगळे हसले, सगळ्यात जास्त मावशी.

"मावशी, भोक केवढं हवं?" नक्षेवाल्याने विचारलं.

बावीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्यांनी सरळ अंगठाच उभा केला. नक्षेवाल्याने माप घेतलं, साचेवाल्याने वहीत उतरवलं आणि काम सुरू झालं.

पुढचे तीन आठवडे मावशींचे पाय जमिनीवर नव्हते. त्यांनी घरीही हाच कारभार लावला. कपडे धुणं, वाळत घालणं आणि घड्या घालणं हे एकदमच सुरू व्हायला हवं, असं त्यांनी सुनेला बजावलं.

"आई, ओल्या कपड्यांच्या घड्या कशा घालू?"

"टेबलाशी बसून ठरवू," मावशी म्हणाल्या.

सूनही त्याच कारखान्यात, मावशींच्याच शेजारच्या स्टुलावर. नऊ वर्षं दोघींच्या कोपराला कोपर लागत होतं. त्यामुळे मावशींपासून सुटका करून घ्यायला तिला जागाच नव्हती.

चौथ्या आठवड्यात पंख्याचा लाकडी नमुना आला. मावशींनी मोठ्या थाटात भोकात अंगठा घातला. अंगठा आत जाऊन चारी बाजूंनी फिरून आला. त्यांनी तो बाहेर काढला आणि नीट निरखला.

"अगं," त्या सुनेच्या कानाशी लागल्या, "माप घेतलं त्या दिवशी माझ्या अंगठ्याला..."

"पट्टी होती. आजच सुटलीय ती. मीच बांधली होती. पट्टी कसली, उशीच!"

आता झाली का पंचाईत! त्या उशीच्या मापाने भोक वाढलं होतं, भोकामुळे पंखा उचलायची मूठ वर सरकली होती आणि मुठीमुळे खोकं दोन बोटं उंच झालं होतं. सगळे एकदम काम करत होते, म्हणजे सगळे एकदम चुकले होते. साचेवाला उद्या सकाळी पोलाद कापणार होता. सांगावं तर निळी खुर्ची जाणार. न सांगावं तर शेकडो पंख्यांच्या पाठीवर आपली पट्टी मिरवणार. मावशींनी सांगून टाकलं.

साचेवाला खो खो हसत सुटला. "अहो, पट्टी आम्ही सगळ्यांनी पाहिली होती! पण मावशींच्या अंगठ्याला पट्टी नाही असा दिवस कुणी कधी पाहिलाय का? मला तर तो अंगठा तसाच आहे असं वाटायचं!"

नक्षेवाला डोळे पुसायला लागला. मॅनेजरबाई खुर्चीवरून घसरता घसरता वाचल्या. पोलाद अजून शाबूत होतं. चहा व्हायच्या आत रेघा पुसल्या गेल्या, मूठ खाली उतरली आणि खोकं बसकं झालं. पूर्वी एवढ्यालाच सहा महिने गेले असते. मावशींची खुर्चीही जागच्या जागी राहिली.

"आता पट्टीशिवाय अंगठा दाखवा," नक्षेवाला म्हणाला.

मावशी अंगठा पुढे करणार, तेवढ्यात थांबल्या. "दोन महिन्यांनी मी निवृत्त होतेय. माझं माप घेऊन काय करता? हिचं घ्या." आणि त्यांनी सुनेला ओढून निळ्या खुर्चीत बसवलं. खुर्ची तिलाही घेऊन निघाली. साचेवाल्याने या खेपेला मांडी आधीच बाजूला घेतली होती.

"भोक केवढं हवं, बाई?"

सुनेने नमुना उलटा करून पाहिला. "भोक कशाला हवंय? वायर चार बोटं लांब घ्या. आधी क्लिप लावायची, मग पाठ चढवायची."

नक्षेवाल्याने रेघ ओढून पाहिली. खोडली. पुन्हा ओढली. मग भोकच पुसून टाकलं.

मावशी आ वासून पाहत राहिल्या. "आणि हे तुला केव्हापासून माहीत होतं?"

"पहिल्या वर्षापासून."

"नऊ वर्षं माझ्या शेजारी बसून एका शब्दाने बोलली नाहीस?"

"तुम्ही कधी विचारलंच नाही, आई."