खुर्चीवालीचं पान

आमची आत्या जुन्या खुर्च्या आणि सोफे दुरुस्त करते. ढिल्या स्प्रिंगा बदलते, बैठकीत नवा काथ्या भरते, वर कापड ताणून खिळे ठोकते. सगळी गल्ली तिला खुर्चीवाली म्हणते, आणि तिला ते आवडतं.

मागच्या वर्षी तिच्या मुलाने हौसेने दुकानाची वेबसाइट बनवली. तयार साचा घेतला, नाव-पत्ता टाकला, झालं काम. आत्याने चष्मा पुसून ते पान न्याहाळलं.

"हा पांढरा सोफा कुणाचा रे?"

"कुणाचा नाही गं. साच्यातच येतो तो."

"आणि उद्या कुणी म्हणालं दाखवा, तर काय दाखवू? तुझं तोंड? काढ ते. माझं पान मी करीन."

मुलाने कपाळाला हात लावला. सुनेला मात्र गंमत वाटली. ती नोकरीत हेच काम करायची. म्हणाली, "आई, हाताने करायचं तर एकेक ओळ लिहावी लागेल हं."

"मग? मला कुठं गाडी गाठायचीय?"

दुकानामागच्या खोलीत, कापडाच्या ताग्यांशेजारी कॉम्प्युटर आला. सुनेने पहिला धडा दिला: अक्षरं ठळक करायची तर आधी एक खूण, संपली की बंद करायची दुसरी. आत्याने दुकानाचं नाव ठळक केलं आणि खालचं अख्खं पान ठळक झालं.

"अगं बाई, हे तर ओरडायलाच लागलं!"

सून पुढे वाकली, तशी आत्याने तिचा हात बाजूला केला. "थांब. मीच शोधणार." आणि शोधलंन. दुसऱ्या खुणेतली, ठळकपणा बंद करणारी तिरकी रेघ राहिली होती. त्या दिवशी स्वारी शीळ घालत खिळे ठोकत होती.

पुढचे धडे ती इंटरनेटवर स्वतःच वाचायला लागली. पान तयार झालं, इंटरनेटवर चढलं. तिने कौतुकाने धाकट्या बहिणीला फोन केला. बहीण आपल्या मोबाइलवर बघून म्हणाली, "ताई, ही अक्षरं आहेत की मुंग्या?"

रात्री जेवताना मुलगा हळूच म्हणाला, "साचा अजून आहे हं, आई."

"तू जेव."

सकाळी तिने धडे पुन्हा चाळले. पान मोबाइलच्या रुंदीत बसवणारी एक ओळ असते, ती सापडली. मुंग्यांची अक्षरं झाली.

मग एका गृहस्थांचा फोन आला. त्यांना दिसत नव्हतं. त्यांचा मोबाइल त्यांना पानं वाचून दाखवायचा. "बाई, बाकीच्या दुकानांत तो नुसतं 'चित्र, चित्र' म्हणतो. तुमच्याकडे म्हणाला, 'हिरवी मखमली आरामखुर्ची, डावा हात नव्याने भरलेला.' माझीही तशीच आहे. आणू का?"

फोटोमागे वर्णन लिहायची जागा असते; असा मोबाइल तेच वाचून दाखवतो. पुष्कळ लोक ती कोरी सोडतात. धड्यात सांगितलंय म्हणून आत्याने प्रत्येक फोटोचं वर्णन लिहिलं होतं.

"आणा की!" ती म्हणाली. "कापड मात्र हात लावून निवडायचं."

ते आले, सगळे तागे चाचपून त्यांनी एक जाडंभरडं कापड घेतलं. खुर्ची झाल्यावर ते तिच्यात ऐसपैस बसले. आत्याने खुर्चीचा फोटो पानावर चढवला आणि विचारलं, "वर्णन काय लिहू? तुम्हीच सांगा."

"लिहा, खरखरीत, उबदार, पाठीला बरोबर लागणारी."

तिने तसंच लिहिलं. मुलगा मागून डोकावत म्हणाला, "अगं, रंग राहिला."

"रंग फोटोत आहे की," आत्या म्हणाली.