अकोल्याच्या मळ्यातले रोडगे आणि माझा अतिशहाणपणा

भाचीचा फोन आला तेव्हा मी तूर निवडत होते. "आत्या, रविवारी ये. माझी माणसं मळ्यात जेवाले येऊन राहिली, वीस जण." मी म्हटलं, "थंडीचे दिवस आहेत, मंग रोडगेच करा." ती पुढं काही सांगत होती, पण मी फोन ठेवला आणि लगेच तिच्या बापाला, म्हणजे माझ्या भावाला, लावून त्यालाही बजावलं. मोठ्या बहिणीचा शब्द तो मोडत नाही. हीच त्याची खोड.

ही भाची म्हणजे कल्पना. लग्नातल्या स्वयंपाकाची कामं घ्यायची. चार वर्षांपूर्वी गॅसचा भडका झाला, मान आणि दोन्ही हात भाजले. बरी झाली तेव्हापासून दर गुरुवारी जळीत वॉर्डात जाऊन बसते. उपदेश करत नाही. पेज भरवते, पट्टी बदलताना हात धरते, बाही वर करून आपला हात दाखवते. तिची माणसं म्हणजे तिथून बरी होऊन घरी गेलेली, पण घराबाहेर न पडणारी. त्यांना एकदा उघड्यावर, चारचौघांत, पोटभर जेवू घालायचं होतं तिला.

मी आणि माझी धाकटी जाऊ सिंधू पहाटे धामणगावहून एसटीनं निघालो. पंच्याहत्तरीच्या वर तिकीट लागत नाही, आधार कार्ड मात्र जवळ ठेवा. बाकी बायांना अर्धं. मी कार्ड कंडक्टरच्या नाकाशी धरलं.

"बाई, म्हातारी झाल्याचा एवढा आनंद कोणाले होते का?" सिंधू म्हणाली.

"तू काढ तुह्ये पैसे," मी म्हटलं.

अमरावतीला गाडी बदलावी लागते. तिथं गिला वडा खा. दह्यात बुडलेला असतो, दात नसले तरी चालतं. पुढं मूर्तिजापूरवरून अकोल्यापर्यंत रस्ता असा गुळगुळीत की पोटातला वडा जागचा हलला नाही. स्टँडवर ऑटोवाला मळ्याचे दोनशे मागतो. खाली उतरून चालायला लागा, दीडशेत येतो.

मळ्यात पोचलो तर भाऊ तयार. गोवऱ्या पेटवून निखाऱ्यांचा ढीग केला होता. त्याला आम्ही जगरा म्हणतो, त्यातच रोडगे, म्हणजे कणकेचे जाड गोळे, भाजतात. धूर पाहून मला गहिवरून आलं, म्हणजे भूक लागली. मी पदर खोचला आणि भावाला फैलावर घेतलं, "एवढासा काहून केला? अजून गोवऱ्या टाक!" त्यानं टाकल्या. जाळ कमरेएवढा उठला.

तेवढ्यात कल्पना पाहुणे घेऊन आली. पहिल्या ऑटोतून एक पोरगी उतरली, प्रीती नावाची, डोळ्यांपर्यंत ओढणी. तिनं जाळ पाहिला आणि ऑटोचा दांडा धरून उभीच राहिली. तिच्या मागच्या माणसानं तोंड फिरवलं. कोणी फाटकाच्या आत येईना.

कल्पना धावत आली. "आत्या, काय केलं वो हे? भाजलेल्या माणसाईले जाळापाशी बोलावलं? मी सांगत होती, तर तू फोन ठेवून देल्ला!"

खरं सांगते, माझी अक्कल गवत खायला गेली होती. आमच्याकडे पाहुण्याचा मान म्हणजे रोडगे, एवढंच डोक्यात. पाहुणा कोण, ते डोक्यात नाही.

भाऊ बादली घेऊन धावला. कल्पना ओरडली, "पानी नको, धुराचा लोट उठीन!" मग त्यानं ट्रॅक्टर काढला, ट्रॉली जाळाच्या आडवी लावली, तिच्यावर ताडपत्री टाकली. पाहुण्यांची सतरंजी पार दुसऱ्या टोकाला, विहिरीपाशी नेली. तिकडं धूर जात नव्हता.

मी फाटकाशी गेले. प्रीतीला म्हटलं, "चूक माही आहे. जायचं असंल तर ऑटो उभा आहे, डबा भरून देते, कोणी काही म्हणनार नाही. राहायचं असंल तर वांगे चिराचे आहेत."

तिनं ऑटोकडे पाहिलं, मग विहिरीकडे. मी आग्रह केला नाही. मला हे फार जड जातं.

मग म्हणाली, "किती वांगे?"

"दोन टोपले."

"बाप्पा!" म्हणाली, आणि फाटकातून आत आली. तिच्यामागून बाकीचेही.

विहिरीपाशी बसून विसाही जणांनी वांगी चिरली. सिंधूच्या फोडी पाहून प्रीती म्हणाली, "आजी, हे भाजीचे आहेत का बैलाचे?" असा हशा उठला की ट्रॉलीमागून भाऊ विचारायला आला, काय झालं. प्रीतीची ओढणी कधी गळ्यात आली, मी पाहिलं नाही. पाहायचंच नाही, असं कल्पनानं सांगितलं होतं.

शेजारच्या मळ्यातला एक शहाणा येऊन प्रीतीला विचारू लागला, "कसं झालं हे, बाई?"

मी म्हटलं, "भाऊसाहेब, तुमचं एवढं पोट कसं झालं, ते सांगा पहिले." तो लिंबाच्या झाडाकडं बघत निघून गेला.

पंगत बसली. गरम रोडगे फोडून त्यात तूप, वर वरण, बाजूला वांग्याची झणझणीत भाजी. भावानं भाषण लिहून आणलं होतं, कल्पनानं खिशातच ठेवायला लावलं. मी एकेकाच्या ताटात स्वतः वाढलं. प्रीतीनं तीन रोडगे खाल्ले. ट्रॉलीच्या पलीकडं ती गेली नाही. काही गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी घरी आलो. सून विचारते, "अकोल्यात काय पाहिलं?" किल्ला नाही, देऊळ नाही. वीस माणसं ढेकर देताना पाहिली. आयुष्यभर मी लोकांना "घे, अजून घे" म्हणत वाढलं. "तुले चालते का?" हे काही विचारलं नाही.

संध्याकाळी भाजी टाकताना सिंधूला विचारून पाहिलं, "कावो, माह्या हातचं तिखट तुले चालते का?"

"नाही," ती म्हणाली. "लग्न झाल्यापासून नाही."

"मंग इतके वर्षं बोलली काहून नाहीस?"

"तुमी इचारलं कधी, बाई?"