लाल ठिपक्याची सुई

लॅबमामांना विज्ञान कुणी शिकवलं नव्हतं. ते त्यांनी पुसून पुसून शिकून घेतलं होतं. एकतीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुवायच्या, भिंगं पुसायची, तास सुरू व्हायच्या आत टेबलांवर सामान मांडून ठेवायचं. चुंबकाचा धडा आला की होकायंत्रं खोक्यातून काढायची आणि एकेक सुई उत्तरेला जाते की नाही ते बघायचं. जी सुई वळवाल तिकडे पडून राही, तिला मामा 'आजारी' म्हणत आणि तिच्या टोकाला लाल नेलपॉलिशचा ठिपका लावत, म्हणजे पोरांच्या हाती चुकून जायला नको. ती बाटली त्यांच्या मुलीची, चिमीची, लग्न होऊन गेली तेव्हा आरशापाशी विसरलेली. "जावई मुलगी घेऊन गेले आणि मला बाटली ठेवून गेले," असं ते विज्ञानाच्या बाईंना सांगत, आणि बाई दर वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारख्या हसत.

गेल्या वर्षी आजारी सुयांचं खोकंच्या खोकं मोडीत निघालं. मामांनी ते स्वतःच्या हाताने भंगारवाल्याच्या पोत्यात ओतलं होतं.

भूकंप झाला तेव्हा मामा शाळेत होते आणि त्यांची बायको घरात. लोखंडी कपाट दारावर आडवं पडलं आणि ती आतल्या खोलीत दीड तास अडकली. बाहेर काढली तेव्हा अंगावर साधं खरचटलंही नव्हतं. पण त्यानंतर ती घरात शिरायला तयार होईना. समोरच्या मोकळ्या जागेत ताडपत्री बांधून दोघं राहू लागले. पाहणीला आलेल्या इंजिनिअरने घर राहण्याजोगं आहे असं लिहून दिलं. तो कागद मामांनी तिला वाचून दाखवला, तर ती म्हणाली, "त्याला म्हणावं, तू झोप आत. मग मी येते."

ती झोपत नव्हती, हे खरं दुखणं होतं. डोळा लागे न लागे तोच दचकून उठे आणि तळहात जमिनीवर टेकवून बसे, जमीन हलते आहे का ते बघत. कुणाच्या हातून भांडं पडलं तरी चप्पल न घालता धावत सुटे. वीस-बावीस दिवसांत तिचा चेहरा पार उतरला. मुलीचा रोज फोन येई, आणि तिला काय सांगावं ते मामांना सुचत नसे.

तशात वस्तीत एक माणूस आला. पांढरा कोट, हातात बॅग, बोलणं मधासारखं. बॅगेत तळहाताएवढे डबे होते. वर काच, काचेखाली एक सुई, आणि सुईखाली अर्धा हिरवा, अर्धा लाल कागद. जमिनीच्या पोटातल्या लहरी हा डबा तीन तास आधी पकडतो, असं त्याचं म्हणणं. सुई हिरव्यावर असेल तर खुशाल आत जा, लालवर गेली की बाहेर पडा. त्याने डबा दगडावर ठेवला, शेजारी पाय आपटला, वरून हात फिरवला. सुई सरकन लालवर गेली आणि आत घंटी वाजली. बायका दोन पावलं मागे सरल्या.

मामा शाळेतून परत येईपर्यंत बायकोने डबा घेतलाही होता. चष्म्यासाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून. मामा काही बोलायच्या आत ती डबा छातीशी धरून उठली, उंबऱ्यापाशी थांबली, सुई बघितली आणि आत गेली. आंघोळ केली. केस विंचरले. पंखा लावून खाटेवर आडवी झाली आणि डबा उशाशी ठेवला. पाच मिनिटांत घोरायला लागली.

मामांनी डबा अलगद उचलला, दारात उजेडाला बसले आणि खिशातल्या लहान स्क्रूड्रायव्हरने तळ उघडला. घड्याळाचा सेल, दोन तारा, एक इवलीशी घंटी. बाकी काही नाही. सुई होकायंत्राची होती, आणि तिच्या टोकाला लाल ठिपका होता.

त्यांनी तो नखाने खरवडून पाहिला. मुलीचाच रंग. ही सुई त्यांनीच आजारी ठरवलेली, त्यांनीच पोत्यात टाकलेली. विक्रेत्याच्या अंगठीत चुंबक असणार, तो जवळ आला की सुई ओढली जाणार. एरवी ती ठेवाल तिथे पडून राहणार, आणि ठेवलेली होती हिरव्यावर.

आत बायकोने कूस बदलली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिच्या कपाळावर आठी नव्हती.  आपलं घर तर धड आहे, मामा स्वतःशी म्हणाले, डबा खोटा असला तरी कागद खरा आहे. त्यांनी स्क्रू परत पिळले आणि डबा होता तिथे ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाली मावशी आली. गल्लीच्या टोकाला तिची एक खोली. मागच्या भिंतीला छतापासून जमिनीपर्यंत तडा गेलेला आणि दारावर धोक्याची खूण. बाहेर टेबल मांडून ती इस्त्री करत होती, पण वाऱ्याने निखाऱ्यांची राख उडून कपड्यांवर बसे आणि गिऱ्हाइकं कुरकुरत. तिने मामांना विचारलं, "मामा, तुम्ही शाळेतले. खरं सांगा, तो डबा चालतो का?"

मामांची बायको शेजारीच चहा गाळत होती. तिचा हात गाळणीवर थांबला.

"आमच्याकडे आहे," मामा म्हणाले.

ते खोटं नव्हतं. पण मावशीला हवं ते उत्तर मिळालं. "मग झालं तर, मीही एक घेते," असं म्हणून ती निघाली. मामांनी मागून सांगितलं की तरी आत फार वेळ थांबू नका. त्यावर मावशी वळून म्हणाली, "मी काय आत नाचणार आहे? शर्ट द्या तुमचा. शाळा भरायची ना सोमवारी, असा चुरगळलेला जाणार का?" मामांनी खाकी शर्ट तिच्या हातात दिला. उद्या तिला एकटीला गाठून सांगू, असं त्यांनी ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळेत काचा उपसायच्या होत्या. तिसऱ्या दिवशी बायकोने आपणहून मुलीला फोन लावला आणि हसून बोलली. ते ऐकत मामा बसून राहिले, आणि गल्लीच्या टोकाला जायचं राहून गेलं.

चौथ्या दिवशी दुपारी जमीन पुन्हा हलली. फार नाही, ताडपत्रीचे खांब कुरकुरले इतकंच. वस्तीत दुसरं काही पडलं नाही. मावशीची मागची भिंत तेवढी पडली.

मामा धावत गेले. पोरांनी विटा उपसल्या तेव्हा इस्त्री अजून गरम होती.

मावशीची मुलगी दुसऱ्या गावी कामाला होती, ती संध्याकाळी आली. आठवड्याने मामा तिच्याकडे गेले. ती ओट्यावर लोकांचे कपडे लावत बसली होती, ज्याचे त्याला परत द्यायला. मामांना बघून म्हणाली, "आई फोनवर सांगत होती, डबा शाळेतल्या मामांच्या घरी आहे, म्हणजे बघायलाच नको."

तिथून निघून येता आलं असतं. मामा खाली बसले आणि डबा उघडल्यापासूनचं सगळं सांगितलं. ठिपकासुद्धा. मुलीने हातातल्या कपड्याची घडी पूर्ण केली.

"मग तिला का नाही सांगितलंत?"

"माझी बायको झोपायला लागली होती."

 ढिगातून तिने खाकी शर्ट काढून मामांपुढे ठेवला. वर विटकरीची धूळ होती, पण आत घड्या कडक होत्या. कॉलरला एक सुरकुती नव्हती.

त्या दिवसापासून मामा दारोदार जाऊन डबे उघडून दाखवू लागले. सगळ्या सुयांना ठिपका नव्हता, काही दुसरीकडून आणलेल्या असाव्यात. पांढरा कोटवाला तर केव्हाच पुढच्या गावाला गेला होता. काहींनी ऐकून घेतलं. एका म्हाताऱ्याने डबा हिसकावून घेतला आणि म्हणाला, "तुम्ही हा नेलात तर मी आत कशाच्या भरवशावर जाऊ?"  त्याच्या भिंतीला तडा नाही ना, एवढं मामांनी घराला फेरी मारून पाहिलं.

स्वतःच्या घरचा डबा त्यांनी सगळ्यात शेवटी उघडला, बायकोसमोर. तिने चष्म्याशिवाय डोळे बारीक करून सुई पाहिली.

"हा तर चिमीचा रंग," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "तुम्ही आधी कधी उघडलात?"

"तू आणलास त्याच दिवशी. तू झोपली होतीस."

"म्हणजे माझ्यामुळे," ती म्हणाली.

मामा नाही म्हणाले, दोनदा म्हणाले. तोवर तिने उशी आणि चादर उचलली होती. ती ताडपत्रीखाली जाऊन बसली आणि तळहात जमिनीवर टेकवले. मामाही गेले आणि जवळ बसले. तिने त्यांना हटकलं नाही, जागाही करून दिली नाही.

शाळा आता मंडपात भरते. मागच्या आठवड्यात बाईंनी चुंबकाचा धडा काढला, तेव्हा मामांनी खोकं उघडून एकेक होकायंत्र तपासलं. सहा सुया आजारी निघाल्या. नेलपॉलिशची बाटली टेबलावरच होती. मामांनी ती बाजूला सारली, पक्कड घेतली आणि सहाही सुया मधोमध मोडल्या. बाईंनी विचारलं, अहो मामा, मोडता कशाला, मोडीत द्या ना. मामांनी तुकडे झाडून गोळा केले. त्यांच्या अंगात जुना, चुरगळलेला शर्ट होता. खाकी शर्ट घरी कपाटात आहे, मावशीने घातलेल्या घडीत.