खराबी कुठल्या टोकाला

मेल पाठवून झाला की लोक खुर्चीवरून उठतात. तारबाबूंच्या दुकानात उठता येत नसे. "बसा. अजून गेला न्हाई," ते म्हणत. मेल गेल्याचं पडद्यावर इंग्रजीत स्पष्ट लिहिलेलं असे. गिऱ्हाइकानं तिकडे बोट दाखवलं तर ते मान हलवत. "ते आपलं टोक बोलून राह्यलं. तिकडचं टोक काय म्हणतं ते ऐकू द्या." मग ते इंटरनेट तोडत, त्याच लाइनवरून समोरच्या गावाला फोन लावत आणि विचारत, "जालन्याहून बोलतो. मेल पोचला का? फाइल उघडली का?" होकार आला की हिरव्या वहीत शेवटच्या रकान्यात 'पोच' लिहून वेळ टाकत. त्यानंतर गिऱ्हाईक सुटे.

वीसेक वर्षं त्यांनी तारघरात काढली होती. तिथे पलीकडच्या बाबूनं तार मिळाल्याचं कळवल्याशिवाय ती गेली असं धरत नसत. तारा कमी झाल्या तेव्हा त्यांनी नोकरी सोडली आणि नवीन जालन्यात, स्टेशनच्या रस्त्यावर, बियाणे कंपन्यांच्या ऑफिसांच्या रांगेत तीन कॉम्प्युटरचं दुकान टाकलं. दोन हजार सालाच्या आसपासची ही गोष्ट. मी तेव्हा एका दैनिकाचा जिल्हा वार्ताहर होतो. त्याआधी फोटोचे रोल एसटीच्या ड्रायव्हरच्या हाती जात. पेपरनं डिजिटल कॅमेरा दिल्यापासून मी रोज तारबाबूंच्या दुकानात जाऊ लागलो.

माझा पहिला फोटो गेलाच नाही. अर्धा तास नुसती पट्टी सरकत राहिली आणि शेवटी फाइल मोठी असल्याचा निरोप आला. मी पुन्हा तीच कळ दाबणार तोच त्यांनी माझा हात धरला. "पेपरवाले, पहिलं ठरवा, खराबी कुठल्या टोकाला. मंग हात लावा." त्यांचे प्रश्न चार होते आणि त्यांचा क्रम कधी बदलत नसे: पत्ता बराबर आहे का, फाइल मोठी आहे का, समोरच्याचा मेलचा डबा भरला का, मेल त्याच्या कचऱ्यात पडला का. माझ्या फोटोचा आकार त्यांनी कमी केला. "तार असती तर शब्द कापले असते. इथं शब्दच न्हाईत, तर फोटो बारका करू."

कुंभार पिंपळगावकडचे बीजोत्पादनाचे प्लॉट पाहणारा एका बियाणे कंपनीचा अधिकारी एकदा दुकानात ओरडत होता. त्याचा अहवाल तीनदा परत आला होता. तारबाबूंनी त्याच्या हैदराबादच्या हेड ऑफिसला फोन लावला. "साहब, आपका डब्बा भर गया है. जरा खाली करो, हमारा आदमी यहाँ उबल रहा है." दहा मिनिटांत अहवाल पोचला. अधिकारी गेल्यावर ते मला म्हणाले, "बघा, खराबी तिकडं आणि बोंब इकडं."

दुकानाच्या मागेच त्यांचं घर होतं. मधे एक पडदा. काकू पडद्यातून हात काढून चहाचा कप टेबलावर ठेवत आणि तारबाबू वर न पाहता म्हणत, "पोचला." एखाद्या वेळी ते विसरले तर काकूच पडदा सारून विचारत, "का हो, पोचला का?" मला त्या म्हणाल्या होत्या, "मी लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेल्ते, तर माझ्याआधी यांची तार हजर. पोचली का म्हणून. माझा बाप घाबरला, अन् मी तर अजून एसटीत!" तारबाबू वहीतच बघत म्हणाले, "त्या तारेची पोच अजून आली न्हाई."

एकदा मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, आग लागली. तिचा फोटो दुसऱ्या पेपरात आला, आमच्यात मी पाठवूनही आला नाही. डेस्कनं सांगितलं, वार्ताहरानं पाठवलाच नाही. मला मुख्य कार्यालयात बोलावणं आलं, आणि ते कशासाठी असतं हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. तारबाबूंनी वहीच्या पानाची झेरॉक्स आणि पाठवलेल्या मेलची छापील प्रत माझ्या हातात दिली. वहीत वेळ होती, फाइलचा आकार होता, आणि 'मिळाला' म्हणणाऱ्या उपसंपादकाचं नावही होतं. माझी नोकरी राहिली.

मला स्वतःचा मेल-पत्ता नव्हता. माझे फोटो तारबाबूंच्याच पत्त्यावरून जात आणि त्यांच्या प्रती त्यांच्याच डब्यात राहत. आजच्या एका व्हिडिओलाही पुरणार नाही एवढा तो डबा. जुने फोटो काढून टाका, असं मी त्यांना दोनदा सुचवलं. "बिलकुल न्हाई," ते म्हणाले. "उद्या परत कुणी म्हटलं फोटो आलाच न्हाई, मंग काय दाखवता?"

पुढच्या वर्षी काकूंची पाठ दुखू लागली. इथल्या डॉक्टरांनी एक्स-रेच्या प्लेटा काढल्या, त्या बराच वेळ उजेडात धरल्या आणि मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांचा मेल-पत्ता लिहून दिला. ते सांगतील तसं करा, म्हणाले. तीन प्लेटा खिडकीच्या काचेवर चिकटवून मी त्यांचे फोटो काढले. या फोटोंना तारबाबूंनी हात लावू दिला नाही. "बारके करायचे न्हाईत. डॉक्टरला बारीक दिसलं पाहिजे." एका मेलमध्ये एकच प्लेट, असे तीन मेल त्यांनी पाठवले. मग फोन लावला. डॉक्टरांच्या मदतनीस बाईंनी तिन्ही उघडून पाहिले आणि सांगितलं, डॉक्टर मेलवरच कळवतील. वहीत तीन वेळा 'पोच' लिहिलं गेलं. काकू पडद्याआडून म्हणाल्या, "झालं का माझं पार्सल?"

त्यानंतर रोज सकाळी दुकान उघडलं की ते आधी डबा उघडत. उत्तर नसे. आठवडा झाल्यावर मी म्हटलं, पुन्हा फोन करू. त्यांना ते आवडलं नाही. "पोच मिळाल्यावर परत विचारायचं नसतं. समोरचा बाबू काम करून राह्यला, असं धरायचं." तारघराचा तो रिवाज होता. आत काकूंना आता उठताना भिंत धरावी लागत होती. चहा तारबाबूच करू लागले होते.

अठराव्या दिवशी त्यांनी फोन केला. मी समोर बसलो होतो. मदतनीस बाईंचा आवाज मलाही ऐकू आला. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी उत्तर लिहिलं होतं. ते परत आलं. पुन्हा पाठवलं, तेही परत आलं. फोन नंबर त्यांच्याकडे नव्हता. "तुमचाच डबा भरलाय, काका," बाई म्हणाल्या.

तारबाबूंनी रिसीव्हर ठेवला आणि कॉम्प्युटरच्या पडद्याकडे पाहिलं. डबा भरल्याचं वरच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. किती दिवसांपासून, ते सांगता येत नाही. चार प्रश्नांपैकी तिसरा ते आयुष्यात पहिल्यांदा स्वतःला विचारत होते. मग ते माझ्याकडे वळले.

"पेपरवाले, तुमचे फोटो काढून टाकू का? पुरावा राहायचा न्हाई."

मी हो म्हणालो. त्यांनी पुन्हा विचारलं, "काढून टाकू ना?"

एकेक फोटो काढून टाकत त्यांनी डबा रिकामा केला आणि मुंबईला पुन्हा फोन केला. तासाभरात उत्तर आलं. एकच ओळ होती: पेशंटला ताबडतोब घेऊन या. काकूंना दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं नेलं. महिना पुरा व्हायच्या आत त्या तिकडेच गेल्या. नंतर एका कामानं मुंबईला गेलो तेव्हा मी त्या डॉक्टरांना भेटलो आणि अठरा दिवस आधी आणलं असतं तर काय फरक पडला असता, ते विचारलं. "सांगता येत नाही," ते म्हणाले. याहून जास्त माहिती माझ्याकडे नाही.

तारबाबूंनी दुकान पुन्हा उघडलं. चहा समोरच्या हॉटेलातून येऊ लागला. हॉटेलवाला कप ठेवी, ते "पोचला" म्हणत, आणि तो काही न कळून परत जाई. मेल गेल्यावर फोन करणं त्यांनी सोडलं नाही. फक्त पोच मिळाली की आता ते गिऱ्हाइकाला सांगत, "उत्तर आलं न्हाई तर वाट बघू नका. आधी आपला डबा बघा."

पुढे लोकांच्या घरी कॉम्प्युटर आले, मलाही ऑफिसनं एक दिला, आणि दुकान बंद झालं. ते कुंभार पिंपळगावला भावाकडे राहायला गेले. जाताना हिरव्या वह्या मला देऊन गेले, "तुमच्याच नोंदी जास्त आहेत" म्हणून. तिथेच ते वारले. मला दहाव्यानंतर कळलं.

वह्या मी तेव्हा उघडल्या. काकूंच्या तीन प्लेटांच्या नोंदीखाली, ओळींच्या मधे लिहिलेली, एक वेगळी नोंद आहे. त्या वह्यांत आलेल्या मेलची नोंद एवढी एकच. पाठवणार: मुंबईचे डॉक्टर. पोच: अठरा दिवसांनंतरची तारीख आणि वेळ. पुढे शेरा: 'खराबी या टोकाला.' खाली सही.

मी मागची पानं काढली आणि आकड्यांची बेरीज केली. त्या डब्यात निम्म्याहून जास्त भार माझ्या फोटोंचा होता. शेऱ्यात माझं नाव नाही. कधी बोलण्यातही ते आलं नव्हतं. प्रत्येक नोंदीपुढे फाइलचा आकार त्यांच्याच अक्षरात आहे. बेरीज त्यांनाही येत होती.