बांगडीतला जोड पाहायला: नागपूर ते फिरोजाबाद

माझ्या सुशीलाआत्याचं नागपूरच्या सक्करदऱ्यात बांगड्यांचं दुकान आहे. चाळीस वर्षं तिने बायकांच्या हातात बांगड्या भरल्या, पण बांगडी होताना कधी पाहिली नव्हती. दिवाळीची गर्दी ओसरली तशी ती प्रताप नगरला माझ्या घरी आली. "तू शाळेत रसायन शिकवते ना वं? चाल माह्यासंग फिरोजाबादले. तिथं मले समजावून सांगाले कोणी पाहिजे."

नागपूरहून आग्र्याला थेट गाड्या आहेत, पुढे बसने तास-दीड तास. हिवाळ्यातच जा, भट्टीजवळ थंडीतही घाम फुटतो. बूट मात्र बंद घाला, गल्ल्यांत काचेचे तुकडे असतात.

गाडीत आत्याचे प्रश्न सुरू झाले. "जुन्या खिडकीची काच खाली जाड काहून असते? ते वाहून राहते म्हणतात."

"नाही गं. पूर्वी काच एकसारखी होत नसे. जाड बाजू बरेचदा खाली बसवायचे, एवढंच."

कारखाना पाहायला आधी परवानगी काढावी लागते. बाजारातल्या एका दुकानदाराने ती मिळवून दिली. आत वाळू, सोडा आणि चुना वितळून मधासारखा रस झाला होता. कारागीर तो लोखंडी सळईवर घेत, त्याची तार फिरत्या रुळावर स्प्रिंगसारखी गुंडाळत. कोबाल्टने निळा, लोखंडाने हिरवट रंग येतो, हे मी सांगत होते. आत्या मात्र त्या गुंडाळीतून कापलेल्या कड्यांकडे पाहत होती. ती उघडीच होती. "मंग जोडते कोण?"

दुकानदाराने आम्हाला मागच्या वस्तीत नेलं. तिथे नसीमबानो नावाची बाई दिव्याच्या ज्योतीसमोर बसून कड्यांची टोकं तापवून चिकटवत होती. एका जोडाला दोन-तीन सेकंद. आत्या तिच्या शेजारीच बसली. दोन-चार जोड पाहून म्हणाली, "बहन, चालीस साल मैंने तुमको कोसा. बांगडी फूटी के बोलती, जोडनेवाली के हाथ टूटे."

नसीमबानोचे हात थांबले. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

"आजकल तो मेरे हाथ के जोड़ सच में टूटते हैं," ती म्हणाली. "लौ देखते देखते नज़र धुँधली हो गई."

दुपारी आम्ही ताजमहाल पाहायला जाणार होतो. आत्याने तो बेत मोडला आणि नसीमबानोला रिक्षात घालून डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. एका डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात होती. जवळचं दिसायला चष्मा मिळाला, आणि ज्योतीसमोर गडद काच लावून बसायची ताकीद. परतताना आम्ही तिघींनी गरम बेडई, म्हणजे डाळ भरलेली पुरी, आणि बटाट्याची भाजी खाल्ली.

ताज राहिला. त्याची हळहळ मला आग्रा सुटेपर्यंत होती, खोटं कशाला सांगू.

नागपूरला येऊन पंधरा दिवस झाले. परवा मी दुकानात बसले असताना नसीमबानोचा फोन आला. चष्म्यातून लेकीच्या केसात उवा दिसल्या म्हणून ती तिच्यावर ओरडत होती आणि हसतही होती. आत्याही हसली. फोन ठेवून तिने समोरच्या गिऱ्हाईक बाईचा हात हातात घेतला.

"ढिला सोड वं हात," ती म्हणाली. "घाई नको करू. बाईच्या हातानं जोडल्या हायेत ह्या बांगड्या."