नरहरीची हजेरी

भरे गावचा नरहरी ढमाले पिरंगुटच्या एका कारखान्यात टाइमकीपर आहे. कोण आलं, कोण उशिरा आलं, कोण आलंच नाही, हे लिहिण्याचा त्याला पगार मिळतो. हौस अशी दांडगी की पगाराशिवायही तो तेच काम करतो. त्याच्या बी.कॉम.च्या वर्गाचा, म्हणजे दोन हजार एकच्या बॅचचा, मोबाइलवर ग्रुप आहे. तिथं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नरहरी हजेरी टाकतो. चाळीस नावं, रोल नंबरप्रमाणे, आणि प्रत्येक नावापुढे एक ओळ. अमक्याची मुलगी दहावी पास झाली, तमक्याचा गुडघा बदलला, शैलेशनं महाळुंग्याला दुसरा फ्लॅट घेतला. त्याचा नियम एकच, पण कडक. ज्याची बातमी, त्यानंच ती सांगितलेली असली पाहिजे. ऐकीव काही लिहायचं नाही. गावात राहून असा नियम पाळणं म्हणजे मिठाईच्या दुकानात बसून उपास करणं, पण नरहरीनं तो बारा-तेरा वर्षं पाळला.

दुसरी एक रीत मात्र कुणी ठरवून पाडली नव्हती. वर्गातला बहिरू अपघातात गेला, तेव्हा त्याच्या नावाआधी 'कै.' लिहायला नरहरीचा हात धजेना. नाव खोडायला तर मुळीच धजेना. म्हणून त्यानं नाव ठेवलं आणि पुढची ओळ कोरी सोडली. पुढे आणखी दोघं गेले, त्यांच्याही ओळी कोऱ्या राहिल्या. कोरी ओळ म्हणजे माणूस गेलेला, हे न सांगता सगळ्यांना कळलं. जिवंत माणसाकडून मात्र नरहरी काहीच नसेल तर फोन करून 'ठीक आहे' एवढं तरी वदवून घ्यायचा.

मे महिन्यात सीमेवर लढाई पेटली. शैलेशनं ती आपल्या नवव्या मजल्यावरून हातात घेतली. कुठलं विमान कुठून उडवायचं आणि बॉम्ब कुठं टाकायचा, हे तो लष्कराला दर अर्ध्या तासानं बजावत होता. लष्कर त्या ग्रुपमध्ये नव्हतं, एवढीच अडचण होती. म्हणजे लष्करातला एकच माणूस होता, भुकूमचा सुभेदार दिग्विजय माझिरे, आणि तो आठ दिवस गप्प होता.

लोक कासावीस झाले होते, म्हणून नरहरीनं महिन्याची वाट न बघता खास हजेरी काढायचं ठरवलं. गुरुवारचा सगळा दिवस तो फोन करत होता. मेधा पठाणकोटला बँकेत आहे. तिकडं संध्याकाळी दिवा लावायला बंदी, म्हणून ती पाचलाच स्वयंपाक उरकत होती, बँक मात्र चालू होती. इंद्रजित दुबईला मालवाहतुकीच्या ऑफिसात आहे. विमानं लांबच्या वाटेनं वळवल्यामुळे तो दोन दिवस घरी गेला नव्हता. ऋतिकाची भूगावला मेस आहे. तिच्याकडे जेवणारी जम्मूची दोन पोरं घास घेईनात, तेव्हा ती त्यांना समोर बसवून वाढत होती. नरहरीनं हे सगळं जसंच्या तसं लिहिलं.

राहिला दिग्विजय. त्याचा फोन लागत नव्हता. तो कुठं आहे ते नरहरीला एप्रिलपासून ठाऊक होतं, पण सैन्याच्या हालचालींबद्दल अवाक्षर लिहू नका, असं टीव्हीवाले सारखे बजावत होते. 'ठीक आहे' लिहावं, तर ते दिग्विजयनं सांगितलेलं नव्हतं. नियमाचा पक्का माणूस पडला. त्यानं ती ओळ कोरी सोडली, शुक्रवारी सकाळी सव्वासातला हजेरी टाकली, फोन कारखान्याच्या लॉकरमध्ये ठेवला आणि आत गेला. आपल्या हातून काय झालं, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

दहाच्या चहाला त्यानं लॉकर उघडला. सगळ्यांत आधी शैलेशनं लिहिलं होतं, 'ओ माय गॉड. दिगू?? आपला वाघ गेला. भावपूर्ण श्रद्धांजली. जय हिंद.' त्याच्याखाली रांगच लागली होती. पस्तीस जणांपैकी एकतीस जणांनी हात जोडले होते. कुणी गॅदरिंगचा जुना फोटो शोधून त्याला काळी चौकट आणि हार घातला होता. भुकूमच्या फाट्यावर फ्लेक्स लावायचा का, असं एकानं विचारलं होतं, आणि दोघांनी लगोलग मजकूरही सुचवला होता.

नरहरीला आपण सोडलेली कोरी ओळ आठवली. त्यानं घाईघाईनं लिहिलं, 'थांबा. चूक माझी. दिगूची कसलीही बातमी नाही. म्हणूनच ओळ कोरी होती. त्याच्या आईला फोन करू नका, घरी जाऊ नका.' 'तो सुखरूप आहे' असं लिहावंसं त्याला फार वाटलं. पण ते त्याला माहीत नव्हतं.

दिग्विजयची बायकामुलं जबलपूरला. भुकूमला आई एकटी. आणि वर्गातली नऊ माणसं पिरंगुट ते भूगाव एवढ्या पट्ट्यातच राहायला. पावणेतीन तासांत त्यांतलं कुणी तरी तिथं पोचलं असणार, बाया जमल्या असणार, म्हातारीनं हंबरडा फोडला असणार. जित्या पोराचं सुतक आपण तिच्या दारात नेऊन ठेवलं, असं मनाशी म्हणत नरहरीनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि गाडीला किक मारली.

दिग्विजयची आई सारजाबाई दारात सांडगे घालत होती. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"नरहरी? कामावर न्हाई गेलास व्हय?"

"सुट्टी काढली, काकी. म्हटलं, बसावं जरा तुमच्याकडं."

"बस की. कावळे लई माजल्यात, तेवढं राखन कर."

नरहरी रस्त्याकडे तोंड करून ओट्यावर बसला. जरा वेळानं त्यानं आडून विचारलं, "सकाळधरनं कुनी आलं-गेलं का?"

"कोन येनार? भाडेकरी हायेत चार खोल्यांत, त्यान्ला बोलाया कुटं येळ हाय?"

"फोन-बिन?"

"दिगूचा यायचा तवा यील. दुसऱ्या कुनाचा येतोय?"

नरहरीचा जीव भांड्यात पडला. तरी तो उठला नाही. कुणी त्याचा खुलासा न वाचताच घरातून निघालं असेल, तर त्याला रस्त्यातच गाठायचं होतं. प्रत्येक मोटारसायकल जवळ आली की तो अर्धा उठायचा आणि ती पुढे गेली की परत बसायचा. सारजाबाईला वाटलं, पोरगा कावळे हाकतोय. दुपारी तिनं त्याला भाकरी आणि वांग्याचं कालवण वाढलं, आणि तो पहिला घास घेतो न घेतो तोच म्हणाली, "तुला समद्या वर्गाच्या बातम्या असत्यात म्हनं. माझ्या दिगूची काय हाय?"

त्यानं तोडलेली भाकरी परत पानात ठेवली. "काही बातमी न्हाई, काकी."

"मग झालं तर. बातमी न्हाई म्हंजी बरा हाय," ती म्हणाली आणि त्याच्या पानात आणखी कालवण घातलं. पण उठताना तिनं नुसतं दाराला धरलं आणि मिनिटभर तशीच उभी राहिली. नरहरीनं ते पाहिलं. त्याला तिचे पाय धरावेसे वाटले. धरले असते तर सगळंच सांगावं लागलं असतं.

अकरापासून सहापर्यंत तो तिथं बसला. एक गाडी त्या दारात थांबली नाही, एक फोन वाजला नाही. ग्रुपवर त्याच्या खुलाशाला चार अंगठे आले होते, आणि शैलेश पुन्हा विमानं उडवू लागला होता. निघताना सारजाबाई म्हणाली, "येत जा रं. असं दिवसभर कोन बसतंय माझ्यापाशी?"

शनिवारी लढाई थांबली. रविवारी दुपारी नरहरीचा फोन वाजला. पलीकडून दिग्विजय बोलत होता. आईशी, बायकोशी आधीच बोलून झालं होतं, आणि आता तो ग्रुप वाचत होता. नरहरीला एकदम रडूच आलं. 'ठीक आहे' हे दोन शब्द त्यानं दिग्विजयकडून दोनदा म्हणवून घेतले.

"नऱ्या, तीन तास मेलो हुतो की रं मी," दिग्विजय हसत म्हणाला. "एवढं चांगलं कुनी माझ्यावर आजपातूर लिवलं न्हवतं. त्यो विलास बघ, दोन वरसं माझ्याशी बोलत न्हाई, त्यानं तर कविता केली."

नरहरीनं माफी मागितली. दिग्विजयनं ती मनावर घेतली नाही. मग सहज विचारल्यासारखं त्यानं विचारलं, "आईकडं कोन कोन आलं हुतं?"

हे ऐकीव नव्हतं. नरहरी स्वतः तिथं बसला होता. "कुनी न्हाई," तो म्हणाला.

"फोन?"

"एकबी न्हाई."

"बरं झालं. तिला कळलं न्हाई."

"व्हय. बरं झालं."

मग तिकडून कुठल्याशा ट्रकचा आवाज तेवढा येत राहिला. फोन कट झाला की काय, म्हणून नरहरीनं हॅलो म्हटलं.

"हाय, हाय," दिग्विजय म्हणाला. त्याच्या आवाजात आता हसू नव्हतं. "नऱ्या, उद्या खरंच काय झालं, तर तू तरी जाशील ना रं तिच्याकडं?"

"जाईन," नरहरी म्हणाला.